लिंपण

मिस्केच्या खोऱ्यातल्या किती भिंती
माझ्या बापाच्या तळव्यांनी थापल्या.
कसियानो वेर्दुगेस. आम्ही त्याला ताता म्हणतो.
माती, गवताचे तुकडे, तीन दिवस अनवाणी तुडवणं,
मग साच्यातून काढलेल्या विटा उन्हात आधी आडव्या, मग उभ्या.
ढग दिसला की धावत जाऊन झाकायचा,
लेकरं झाकावीत तशा.

भिंत वाळते तेव्हा तडकते.
तडा कसला, नखाएवढी फट.
तिथे ती राहते, विंचुका.
नावात विंचू, पण नांगी नाही.
रात्री गवताच्या छपरातून खाली टपकते,
झोपलेल्याच्या पापणीपाशी बसून पोटभर पिते
आणि जाताना तिथेच घाण करून जाते.
चाव्याने काही होत नाही.
खाज येते, आणि झोपेत हात आपलाच फिरतो.

ताता सात वर्षांचा असताना
त्याचा एक डोळा जांभळा सुजला होता.
त्याच्या आईने कोकाची पानं चावून बांधली.
सूज उतरली. सगळे विसरले.
आत गेलेलं विसरलं नाही.

पन्नास वर्षांनी कोचाबांबाच्या इस्पितळात
डॉक्टर इर्मा पेरेदो पडदा आमच्याकडे वळवते.
काळ्या नद्या, भरून वाहणाऱ्या.
"मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. कुठेच अडथळा नाही."
ताता मांडीवर टोपी फिरवत राहतो.
"मग दुखतंय कुणाचं?"

ती हसली नाही, म्हणून मला आवडली.
तिने दुसरी चित्रं काढली.
हृदयाच्या टोकाशी एक फिकट जागा,
तिथवर रंग पोचलाच नव्हता.
म्हणाली, हमरस्ते उघडे आहेत,
पण केसाहून बारीक वाटा असतात,
त्या पहिल्या चित्रात दिसतच नाहीत,
त्या आखडल्यात, काही तर बुजल्यात.
आणि इथे टोकाला भिंत पातळ होऊन बाहेर फुगली आहे.

भिंत म्हटल्यावर तात्याने मान वर केली.
"किती पातळ?"
एका गवंड्याने दुसऱ्याला विचारावं तसं.
तिने अंगठा नि तर्जनी जवळ आणली.
"आत काही साचतं का?"
"रक्त. गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी."
"साचलं की भिंत गेलीच," तो म्हणाला,
आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
त्याला त्याचा आजार कळल्यासारखा दिसला.

परतीच्या बसमध्ये चार तास तो बोटं मोजत होता.
मला वाटलं, गोळ्यांच्या वेळा.
मग ओठ हलले:
फेलिसियानोचं घर. विधवा तोरिबियाचं.
नदीकाठची दोन, मेस्त्री उलोआच्या मुलाचं, शाळा.
एकशे बारा भिंतींपर्यंत आला आणि थांबला.
"ज्या घरात किडा राहिला," म्हणाला, "ते घर मी बांधलं."
मी म्हटलं, किडा तुझ्याआधीपासून होता.
त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसते काटेरी निवडुंग होते.

आता तो विटा उचलू शकत नाही.
चार पावलांवर दम लागतो, रात्री उशा तीन.
पण एका वाडग्यात चुना नि माती कालवतो,
आणि बोलावो न बोलावो, शेजाऱ्यांच्या घरी जाऊन
फटा बुजवतो. फक्त फटा.
मोठी भगदाडं दुसरे लोक बघतील, म्हणतो.
मी टॉर्च धरते.
टॉर्च धरलेल्या हाताच्या बाजूच्या खिशात
माझ्या रक्ताची चिठ्ठी आहे,
गेल्या मंगळवारची, चिकटवलेली, न उघडलेली.

काल शेवटी आमच्याच घरी आलो.
पूर्वेकडची भिंत, खाटेच्या उशाशी.
"इथे तू झोपायचीस," तो म्हणाला,
आणि केव्हाच बुजलेल्या त्या फटीवरून
अंगठा पुन्हा फिरवला,
आणि पुन्हा.